पदवी, उपजीविका आणि मराठी कथनसाहित्य : 'कोसला' ते 'बारोमास'

प्रास्ताविक

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत शाखानिवडीची चर्चा सुरू होते. गुण उत्तम असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि उरलेल्यांसाठी कला, अशी एक उतरंड समाजाने मनोमन स्वीकारलेली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माणशास्त्र, संगणकशास्त्र या पदव्यांना 'स्कोप' आहे आणि बी.ए., एम.ए. या पदव्यांना बाजारात किंमत नाही, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील कला शाखेचे विद्यार्थी हे विधान डोक्यावर घेऊनच वर्गात येतात. त्यांना शिकविणारे अध्यापकही अनेकदा ते मुकाट्याने मान्य करतात.

या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र आपापल्या पद्धतीने करीत आले आहेत. त्यात पगार, रोजगाराचे प्रमाण, अभ्यासक्रमाची उपयुक्तता यांची मोजदाद असते. साहित्य मोजदाद करीत नाही, परंतु पदवी हाती आल्यावर माणसाच्या घरात, नात्यांत आणि मनात काय घडते हे साहित्यातच दिसते. प्रस्तुत लेखात भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' व चांगदेव पाटील या नायकाभोवतीच्या कादंबऱ्या, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आणि सदानंद देशमुख यांची 'बारोमास' या कलाकृतींच्या आधारे पदवीच्या मोलाचा विचार केला आहे. पदवीचे मोल प्रामुख्याने तिच्या शाखेवरून ठरत नसून पदवी आणि उपजीविका यांच्यामध्ये उभ्या असलेल्या संस्थात्मक व्यवस्थेवरून ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रश्नाची पूर्वपीठिका

पदवीच्या उपयुक्ततेचा प्रश्न आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात तत्कालीन शिक्षण जीवनाच्या गरजांना उपयोगी पडणारे नाही आणि त्यातून कारकून व शिक्षकच तयार होतात, अशी टीका केली होती. प्राथमिक शिक्षणात मोडी वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे ज्ञान यांचा समावेश असावा, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह केवळ व्यवसायशिक्षणाचा नव्हता, ही गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. पुढच्याच वर्षी सिद्ध झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधताना इतिहास, धर्मव्यवस्था आणि राज्यकारभार या तिन्हींची चिकित्सा आढळते. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेबही यावा आणि आपल्यावर अन्याय कोण व कसा करतो हेही कळावे, अशी फुले यांची दुहेरी अपेक्षा होती. 'उपयोगी शिक्षण' आणि 'विचार करावयास लावणारे शिक्षण' ही फाळणी त्यांना अभिप्रेत नव्हती.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात ही फाळणी हळूहळू पक्की होत गेली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्यामुळे परराज्यात जाऊन शिकावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय झाली आणि ग्रामीण भागातही तंत्रशिक्षण पोहोचले, हे नाकारता येत नाही. तथापि याच टप्प्यावर उच्च शिक्षणाकडे पैसा गुंतवून परतावा मिळविण्याचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी समाजात रुजली. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीस आळा घालणारा कायदा शासनाला १९८७ साली करावा लागला, यावरून या व्यवहाराची व्याप्ती ध्यानात येते. कला शाखेत प्रवेशासाठी देणगी नव्हती. तेथे पैशाचा प्रश्न प्रवेशाच्या वेळी न येता नोकरीच्या वेळी येत असे. या फरकाचे भान ठेवल्याशिवाय 'बारोमास'चे मर्म लक्षात येणार नाही.

'कोसला' ते 'झूल' : नोकरीपूर्वीचे आणि नोकरीनंतरचे रितेपण

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. या कादंबरीची चर्चा बहुधा अस्तित्ववाद, शैली आणि परात्मता यांच्या अंगाने झाली. पदवीच्या प्रश्नाच्या अंगाने पाहता एक निराळी गोष्ट जाणवते. पांडुरंगाला नोकरीची भ्रांत पडलेली नाही. गावी घर आहे, शेती आहे, कर्तबगार वडील आहेत. महाविद्यालयाने त्याला काय दिले, हा त्याचा प्रश्न उपजीविकेचा नसून अर्थाचा आहे. वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन, परीक्षा या साऱ्या रहाटगाडग्यातून बाहेर पडल्यावर हाती काय उरले, याचा तो उपरोधाने हिशेब मांडतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या प्रसंगी तर त्याच्या साऱ्या पुस्तकी शिक्षणाचे थिटेपण उघडे पडते. शिक्षणाच्या निरर्थकतेविषयी असे बोलता येणे ही एका अर्थी सुस्थितीची चैन आहे. पदवीवाचून अडणार नाही, अशा घरातील मुलालाच पदवीकडे अशा तऱ्हेने पाठ फिरविता येते.

'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील याच्या पुढच्या पायरीवर उभा आहे. त्याच्याजवळ पदवी आहे आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाची नोकरीही आहे. आजच्या कला पदवीधराला हेवा वाटावा अशी ही स्थिती. पण चांगदेव एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात बिऱ्हाड हलवीत राहतो. संस्थाचालकांची मर्जी, जातीचे गट, सहकाऱ्यांमधील हेवेदावे आणि अध्यापनाविषयीची सार्वत्रिक उदासीनता यांचे जे चित्र या कादंबऱ्यांत येते, ते शिक्षणसंस्थांच्या अंतर्गत जीवनाचा दस्तऐवज ठरावे इतके तपशीलवार आहे. येथे ज्ञानशाखा सदोष नाही. ती ज्या संस्थेच्या छपराखाली नांदते ती संस्था सदोष आहे. नोकरी मिळाली म्हणजे पदवीचे सार्थक झाले, या समजाला नेमाडे यांनी दिलेला हा छेद आहे.

'आठवणींचे पक्षी' : पदवीने दार उघडते तेव्हा

वरील चित्र एकांगी ठरू नये यासाठी प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) हे आत्मकथन विचारात घेणे आवश्यक आहे. आईवडिलांचे छत्र हरपलेला, बहिणीच्या आश्रयाने वाढलेला, भूक आणि अस्पृश्यता यांचे चटके सोसणारा हा मुलगा शिक्षणाची वाट सोडत नाही. पुढे तो तत्कालीन औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयात पोहोचतो. पुढील आयुष्यात सोनकांबळे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. सांगवीकर ज्या महाविद्यालयीन जीवनाकडे उपरोधाने पाहतो, त्याच जीवनाची पायरी चढण्यासाठी येथे एका मुलाने बालपण पणाला लावले आहे.

कला शाखेच्या पदवीला येथे मोल आले ते कशामुळे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. वसतिगृह, शिष्यवृत्ती, आपल्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या मुलांची सोबत आणि पुढे आरक्षित जागेवरील नोकरीची शक्यता, असा सलग रस्ता या मुलांसाठी तयार झाला होता. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (१९१९) 'कमवा व शिका' योजनेतून असाच रस्ता बांधला होता. सोनकांबळे यांची जिद्द असामान्य होतीच, परंतु जिद्दीला वाट देणारी संस्थाही होती. इंग्रजी साहित्य हा विषय चांगदेवाच्या बाबतीतही तोच होता आणि येथेही तोच आहे. संस्थेचे स्वरूप बदलताच त्याच विषयाच्या पदवीचे मोल बदलले.

'बारोमास' : पदवी हाती, दार बंद

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. शेतकऱ्यांच्या कोंडमाऱ्याची कादंबरी म्हणून तिची थोरवी सर्वमान्य आहे. ती पदवीचीही कादंबरी आहे, याकडे मात्र समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. देशमुख स्वतः बुलढाणा जिल्ह्यातील आणि मराठीचे अध्यापक. त्यामुळे शेत आणि वर्ग या दोन्ही जगांचा तपशील त्यांच्या लेखनात अस्सलपणे उतरतो.

कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. झालेला आहे. शिक्षक होण्यासाठी लागणारी प्रत्येक पायरी त्याने चढलेली आहे. त्याच्यात पात्रतेची उणीव नाही आणि त्याने निवडलेला विषयही समाजाला नको असलेला नाही, कारण शाळा आहेत, मुले आहेत, शिक्षकांच्या जागाही निघतात. उणीव आहे ती संस्थाचालकाला द्यावयाच्या रकमेची. शेतीतून ती रक्कम उभी राहत नाही आणि शेती विकली तर पायाखालची जमीनच जाते. जमीन राखावी की विकून नोकरी घ्यावी, हा प्रश्न तनपुऱ्यांच्या घरावर सतत टांगलेला राहतो. कला शाखेची पदवी 'निरुपयोगी' ठरते ती येथे. तिचे रूपांतर वेतनात करून देणारा मार्ग एका खासगी नाक्यावरून जातो आणि तेथील जकात शेतकऱ्याला परवडत नाही.

देशमुख यांनी या परिस्थितीचा आणखी खोल थर उघडला आहे. एकनाथ शिकलेला असल्यामुळे त्याचे दुःख दुहेरी झाले आहे. निरक्षर शेतकरी आपल्या हालअपेष्टांचे खापर नशिबावर फोडून मोकळा होतो. एकनाथाला तसे करता येत नाही. बाजारभाव, कर्ज, सरकारी धोरण, गावातील राजकारण यांतील दुवे त्याला दिसतात. शिक्षणाने त्याला पाहण्याची दृष्टी दिली, परंतु जे दिसते ते बदलण्याचे बळ दिले नाही. शेतात राबताना तो पुरता शेतकरी होत नाही आणि पदवी असून तो 'मास्तर' होत नाही. शहरी वळणात वाढलेली त्याची पत्नी अलका त्याच्या पदवीवर भिस्त ठेवून या घरात आलेली आहे. नोकरी मिळत नाही, तेव्हा संसारालाच तडे जातात. विवाहाच्या बाजारात पदवीला जी किंमत मिळाली होती ती नोकरीच्या बाजारात वटली नाही, असा हा करुण व्यवहार आहे.

पण शिक्षणाने दिलेली ही जाणीव निव्वळ शापच आहे काय? कादंबरीच्या रचनेतच याचे उत्तर दडलेले आहे. घरातील माणसांच्या वऱ्हाडी बोलीत भोगलेले दुःख आहे, तर निवेदनाच्या प्रमाण भाषेत त्या दुःखाची कारणे शोधण्याची धडपड आहे. या दोन भाषांमधील ये-जा एकनाथसारख्या शिकलेल्या मुलामुळेच शक्य होते. एकनाथाच्या जागी अल्पशिक्षित नायक असता तर ही कादंबरी हळहळ व्यक्त करून थांबली असती. तो भाषा आणि साहित्य यांच्या संस्कारातून आलेला असल्यामुळे ती व्यवस्थेची चिकित्सा करू शकते. एकनाथाच्या पदवीने त्याचे पोट भरले नाही, मात्र आपल्या स्थितीला नाव देण्याचे सामर्थ्य तिने त्याला दिले. फुले यांच्या दुहेरी अपेक्षेपैकी अर्धी अपेक्षा येथे पुरी झालेली आहे आणि उरलेली अर्धी अपुरी राहिल्यामुळेच ही शोकांतिका घडते.

तंत्रशिक्षित पदवीची दुसरी बाजू

एकनाथ अभियंता किंवा डॉक्टर झाला असता तर त्याचा प्रश्न सुटला असता काय, असा प्रतिप्रश्न येथे संभवतो. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) हे आत्मकथन या दृष्टीने उद्बोधक आहे. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा अपार हाल सोसून वैद्यकीय पदवी मिळवितो. व्यावसायिक पदवीने त्याला उपजीविका आणि प्रतिष्ठा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. कोणत्याही गरीब घराने असे स्वप्न पाहणे हा उथळपणा नव्हे. परंतु बापाच्या नावावाचून वाढलेल्या मुलाची ओळख कोणती आणि कोल्हाटी समाजातील स्त्रीच्या वाट्याला हे जिणे का येते, हे प्रश्न वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात बसणारे नव्हते. त्यांना भिडण्यासाठी काळे यांना लेखणी हाती घ्यावी लागली. आईचे नाव आपल्या नावात धारण करून त्यांनी जे विधान केले, ते इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य यांच्या प्रांतातील आहे.

अभियांत्रिकीचा अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. १९८३ नंतर महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. पुढे २०१० नंतरच्या दशकात राज्यातील अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिक्त राहू लागल्या आणि काही महाविद्यालये बंद पडली. स्थापत्य आणि यंत्र यांसारख्या मूलभूत शाखांकडे पाठ फिरवून विद्यार्थ्यांचा लोंढा संगणकाशी निगडित शाखांकडे वळला. 'स्कोप' नावाची गोष्ट शाखेच्या अंगची नसून ती मागणी-पुरवठ्यानुसार जागा बदलते, हे यावरून स्पष्ट व्हावे. बेकार अभियंत्याचे मनोविश्व मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी अद्याप फारसे आलेले नाही. शेती विकून वा कर्ज काढून मुलाला अभियंता केलेले घर आणि पदवीनंतर तुटपुंज्या पगारावर शहरात राहणारा तो मुलगा, या अनुभवाला स्वतःचा 'बारोमास' मिळणे बाकी आहे.

आणखी दोन वस्तुस्थिती येथे नोंदवाव्यात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तेथे अनेक अभियंते वैकल्पिक विषय म्हणून समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र हे विषय घेतात. मराठी साहित्य हाही तेथे वैकल्पिक विषय असून त्याच्या अभ्यासक्रमात 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'आठवणींचे पक्षी' यांचा समावेश आहे. म्हणजे जे ग्रंथ बी.ए.च्या वर्गात 'निरुपयोगी' मानले जातात, तेच प्रशासकीय सेवेच्या उंबरठ्यावर मोलाचे ठरतात. दुसरी गोष्ट अशी की, गेल्या दीड दशकात पुण्या-मुंबईकडील खासगी विद्यापीठांनी 'लिबरल आर्ट्स' या नावाने भरमसाट शुल्क आकारून जे अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र हेच विषय शिकविले जातात. तेथील पालकांना हे शिक्षण करिअरच्या दृष्टीने अनाठायी वाटत नाही. विषय तेच असताना तालुक्याच्या गावी त्यांना 'कला शाखा' म्हणून नाक मुरडले जाते. हा फरक ज्ञानाचा नाही. इंग्रजी भाषा, लहान वर्ग, ग्रंथालय, ओळखीपाळखी आणि पालकांची आर्थिक ताकद यांचा तो फरक आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणीही सुरू झाली आहे. शाखांमधील भिंती पाडण्याचा हा हेतू स्वागतार्ह आहे. मात्र ज्या महाविद्यालयात अध्यापकांच्या जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर विभाग चालतो, तेथे विद्यार्थ्याला निवडीसाठी विषय उपलब्ध कसे होणार, हा प्रश्न उरतोच. तासिका तत्त्वावर राबणारा हा अध्यापक एकनाथाचाच धाकटा भाऊ आहे.

काही मर्यादा

येथे विचारात घेतलेल्या कलाकृतींमध्ये पदवीचा प्रश्न प्रायः पुरुषाचा आहे, ही त्यांची मोठी मर्यादा होय. 'कोसला'तील मनी शिक्षणाच्या वयापर्यंतही धड पोहोचत नाही. 'बारोमास'मधील अलकेच्या अपेक्षांकडे कादंबरी बव्हंशी एकनाथाच्या बाजूने पाहते. तिने स्वतः काही करावे, ही शक्यता ठळकपणे पुढे येत नाही. प्रत्यक्षात आज ग्रामीण महाविद्यालयांच्या कला शाखेत मुलींची उपस्थिती लक्षणीय आहे. कमी शुल्क आणि घराजवळचे महाविद्यालय यांमुळे अनेक घरांत मुलाला अभियांत्रिकी आणि मुलीला बी.ए. अशी वाटणी होते. 'कलेला किंमत नाही' या उक्तीत मुलीच्या शिक्षणावर खर्च न करण्याची सबबही लपलेली असते. या मुलीच्या नजरेतून पदवीची कथा लिहिली गेली तर वरील निष्कर्षांना नवे परिमाण लाभेल.

समारोप

'कोसला'त पदवीशिवाय निभावते, 'बिढार'-'झूल'मध्ये पदवी व नोकरी असूनही समाधान नाही, 'आठवणींचे पक्षी'मध्ये पदवी माणूसपणाचे दार उघडते आणि 'बारोमास'मध्ये पदवी असूनही ते दार बंद राहते. या सर्व नायकांच्या प्रवासात ज्ञानशाखेपेक्षा निर्णायक ठरते ती संस्था : वसतिगृह देणारी वा देणगी मागणारी, गुणवत्तेला वाव देणारी वा मर्जी सांभाळावयास लावणारी. तंत्रशिक्षणाच्या क्षेत्रातील चढउतारही याच निष्कर्षाला पुष्टी देतात. त्यामुळे 'कला की तंत्र' हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे टाकून मोकळे होणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश त्याच्या निवडीवर ढकलणे होय.

कला शाखेचे समर्थन करताना उपजीविकेचा प्रश्न गौण मानणे हेही तितकेच अन्यायाचे ठरेल. उपाशी पोटी दिलेला संस्कृतीचा उपदेश एकनाथाच्या कामाचा नाही. पारदर्शक नोकरभरती, पूर्णवेळ अध्यापक, भाषा आणि लेखन यांचे कसून दिलेले शिक्षण आणि त्यास संगणक, अनुवाद, हिशेब यांसारख्या कौशल्यांची जोड, एवढे दिल्यास कला शाखेची पदवी आपले मोल स्वतः सिद्ध करू शकेल. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेबही यावा आणि हिशेबातील फसवणूकही ओळखता यावी, ही १८८२ सालची अपेक्षा आजही पुरी व्हावयाची आहे.